चौदा एकरांवर नैसर्गिक दफनभूमी: आधी कागद, मग कुदळ

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात घोटाळा असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. अटलांटापासून दीड तासावर, उत्तर जॉर्जियाच्या डोंगरपायथ्याशी तुमची चौदा एकर जमीन आहे. निम्मी झाडी, निम्मं पडीक कुरण, मधून एक ओढा. मुलं तिथे राहायला जाणार नाहीत आणि तुमच्या मागे ती बिल्डरच्या घशात जाईल ही धास्ती आहे. नैसर्गिक दफनभूमी, म्हणजे रसायनं आणि काँक्रीटशिवाय देह मातीत द्यायची जागा, केली की जमीन कायमची राखली जाते आणि देहाचं खत होऊन जंगलही वाढतं, असं तुमच्या वाचनात आलंय. तर ते करावं का? आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय, की आई म्हणतात, ‘आपल्यात पुरत नाहीत.’

मी अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या एका छोट्या दफनभूमीत जमिनीची देखभाल बघते. बारावं वर्ष चालू आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, शिक्षण वनस्पतिशास्त्राचं, आणि पहिल्यांदा तिथे गेले ती शनिवारी तण उपटणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर. कबरींशी माझा संबंध नंतर आला. त्यामुळे माझं उत्तर जमिनीकडून येतं. अंत्यविधीचा व्यवसाय करणारा माणूस याच गोष्टी वेगळ्या क्रमाने सांगेल.

तुम्ही विचारताय दफनाबद्दल, पण तुमची खरी अडचण ‘आमच्यानंतर ही जमीन कोण राखणार’ ही आहे. हे दोन प्रश्न एकच आहेत असं समजून पुष्कळ लोक फसतात.

माझं माहेर लातूरकडचं, लिंगायत. आमच्यात पुरतात. आजोबांची समाधी शेतातच होती, विहिरीच्या वरच्या अंगाला. लहानपणी मला पक्कं वाटायचं, आजोबा तिथे बसलेत म्हणजे शेत कुठे जात नाही. पुढे वाटण्या झाल्या, एका काकांनी आपला हिस्सा काढला, तिथे एनए होऊन प्लॉट पडले. समाधी आहे अजून. तिच्याभोवती चार-चार फूट सोडून रस्ता वळवलाय, गेलं की पाया पडता येतं. शेत तेवढं राहिलं नाही.

इथेही तसंच आहे. कबरीला बहुतेक राज्यांत कायद्याचं संरक्षण असतं, कुणी उठून उकरू शकत नाही. पण ते संरक्षण कबरीपुरतं. बाजूच्या तेरा एकरांना त्याचा काही उपयोग नाही. आणि रस्ता-धरणासाठी रीतसर परवानगी काढून कबरी हलवल्याचीही उदाहरणं आहेत.

आता ही कल्पना आली कुठून ते थोडं सांगते, कारण त्यातच मेख आहे. इंग्लंडमध्ये १९९३ साली कार्लाइलच्या नगरपालिकेच्या दफनभूमीत केन वेस्ट यांनी वनदफनाचा भाग सुरू केला. तिथे कोरीव दगड आणि कापलेली हिरवळ न ठेवता झाडं वाढू द्यायची होती. अमेरिकेत १९९८ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या वेस्टमिन्स्टर गावी डॉ. बिली कॅम्पबेल आणि किम्बर्ली कॅम्पबेल यांनी रॅम्झी क्रीक प्रिझर्व्ह उघडलं. डॉक्टर त्याच छोट्या गावात प्रॅक्टिस करायचे. वडील गेल्यावर शवपेटी, तिच्याभोवतीची काँक्रीटची पेटी, देह टिकवायची रसायनं यांवर झालेला खर्च त्यांच्या डोक्यात बसला. तेवढ्या पैशात जंगलाचा तुकडा वाचला असता, असा त्यांचा हिशेब. म्हणजे इथे जंगल वाचवणं आधी होतं आणि दफन हा त्यासाठी पैसा उभा करण्याचा मार्ग. हा क्रम लक्षात ठेवा.

कारण ‘ग्रीन’ पाटी लावलेल्या सगळ्या जागा सारख्या नसतात. २००५ मध्ये सुरू झालेली ग्रीन बरियल कौन्सिल तीन प्रकार करते. पहिल्यात नेहमीच्याच दफनभूमीचा एक कोपरा असतो, जिथे रसायनं आणि काँक्रीटशिवाय पुरता येतं. दुसऱ्यात सगळी जागाच तशी असते. तिसरा प्रकार संवर्धन दफनभूमीचा, आणि तुम्हाला हवा आहे तो हाच. फक्त याच प्रकारात जमिनीवर कायमचं कायदेशीर बंधन असतं आणि ते पाळलं जातंय का हे बघायला बाहेरची एक संस्था बांधलेली असते.

त्या बंधनाला इथे कॉन्झर्वेशन ईझमेंट म्हणतात. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढतो ना, तसंच समजा. फरक इतकाच, की कर्ज फेडून हा बोजा उतरत नाही. जमीन तुमची, विकायचा हक्क तुमचा, पण घरं बांधायचा, तुकडे पाडायचा, लाकूडतोड करायचा हक्क तुम्ही सोडून दिलेला असतो, आणि सोडलेला हक्क कुणी वापरत नाही ना हे बघायचं काम लँड ट्रस्टकडे, म्हणजे जमिनी राखणाऱ्या संस्थेकडे. ते आधी जमिनीचा सविस्तर दाखला करतात: नकाशे, फोटो, ओढ्याचे काठ, कुठे काय उगवलंय. मग दरवर्षी एकदा येऊन तो कागद हातात धरून अख्खी जमीन चालतात. आमच्याकडे येणारी मुलगी कुंपणाचा मोडलेला खांबसुद्धा नोंदवते. मला ती आवडते.

इथे तीन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, म्हणून त्यांचं उत्तर मी देऊ शकत नाही. तुम्हालाच शोधावं लागेल.

जमिनीवर कर्ज आहे का? असेल तर बँकेने आपला हक्क ईझमेंटच्या खाली आहे असं लिहून द्यावं लागतं. नाहीतर उद्या हप्ते थकले आणि बँकेने जमीन ताब्यात घेतली तर ईझमेंट उडू शकतं. काही बँका लिहून देतात, काही सरळ नाही म्हणतात.

तुमच्या शेजारी काय आहे? चौदा एकर हा लँड ट्रस्टच्या दृष्टीने लहान तुकडा. वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचा त्यांचा खर्च तुकडा लहान म्हणून फारसा कमी होत नाही. पण तुमची हद्द एखाद्या राखीव जंगलाला किंवा आधीच ईझमेंट असलेल्या शेताला लागून असेल तर गोष्ट बदलते. फ्लोरिडात गेन्सव्हिलजवळची प्रेरी क्रीक दफनभूमी २०१० मध्ये सुरू झाली, ९३ एकरांची, आणि ती पेन्स प्रेरी या मोठ्या राखीव प्रदेशाच्या लगत आहे. त्यामुळे तिथला प्रत्येक एकर मोठ्या सलग अधिवासाचा भाग होतो. एकट्या पडलेल्या तुकड्याला तो भाव नाही.

आणि तिसरं, काउंटी, म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन, काय म्हणते. स्वतःच्या जमिनीत घरच्यांना पुरणं ही एक गोष्ट, आणि परक्यांना जागा विकणं ही दुसरी. दुसरीत राज्याचा दफनभूमी कायदा, झोनिंग (कुठली जमीन कशासाठी वापरायची याचे नियम), देखभाल निधी, नोंदी असं सगळं येतं. काउंटीच्या कार्यालयात स्वतः जाऊन बसा. फोनवर उचलणारा माणूस ‘असं काही नसतं’ म्हणून मोकळा होतो, कारण त्याने ऐकलेलंच नसतं.

कागदात एक बारीक खोच आहे. ईझमेंटमध्ये दफनाला परवानगी असल्याचं पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहून घ्या: कुठल्या भागात, एकरी किती, किती खोल, खुणेचा दगड केवढा. मागाहून ते घालणं महाकठीण, कारण बंधन ढिलं करायला ट्रस्ट तयार होत नाही, आणि होऊही नये.

तेव्हा इथवर एवढंच सांगितलं, की जमीन राखतो तो ईझमेंटचा कागद आणि त्यामागची संस्था. मग दफन कशाला? पैशासाठी, आणि माणसांसाठी. माणसांचं नंतर सांगते.

पैशाचा हिशेब तुमच्या जमिनीवर करून बघू. चौदातून ओढ्याच्या दोन्ही काठांचे पट्टे वगळा, पाणी वर असलेली दलदल वगळा, तीव्र उतार वगळा, जुन्या मोठ्या झाडांखालची जागा वगळा. चार एकर उरले तर नशीब. संवर्धन दफनभूमीसाठी कौन्सिलची वरची मर्यादा एकरी सरासरी ३०० कबरींची आहे. नेहमीच्या दफनभूमीत एकरी हजारावर कबरी सहज बसतात. पण मी स्वतः एकरी शंभराच्या वर जाणार नाही, कारण दाटी झाली की प्रत्येक नवा खड्डा जुन्या कबरीवर नुकत्या बसलेल्या झाडोऱ्याला तुडवूनच होतो. म्हणजे चारेकशे कबरी, त्याही कित्येक वर्षांत मिळून. प्रत्येक विक्रीतला हिस्सा देखभाल निधीत टाकून समजा दोन लाख डॉलर साठले. मुद्दलाला हात न लावता वर्षाला चार टक्के काढायचे म्हणजे आठ हजार डॉलर. त्यात एका माणसाचा पगार निघत नाही. तण काढणारी टोळी थोडे दिवस बोलावता येते, विमा भरता येतो, बस्स. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण ‘दफनभूमी स्वतःचा खर्च स्वतः काढेल’ असं कुणी म्हणालं तर पहिली दहा वर्षं कोण काढणार हे विचारा.

आता देहाचं खत. हे ऐकायला छान वाटतं आणि जाहिरातीत फार चालतं, म्हणून थोडं सविस्तर.

सत्तर किलोच्या माणसात नत्र पावणेदोन-दोन किलो आणि स्फुरद किलोच्या आत. युरियाच्या एका गोणीत याच्या दहापट नत्र असतं. तेवढ्यावर जंगल उभं राहत नाही. आणि राहिलं असतं तरी हवं होतं का? तुमच्या कुरणात मूळचं गवत आणायचं तर लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास यांसारखी गवतं लागतील, आणि ती हलक्या, भुकेल्या मातीतच तग धरतात. नत्र वाढलं की तणांची चंगळ होते. मी बारा वर्षांत एकाही कबरीवर खत घातलेलं नाही. देह मातीत मिसळतो, हे खरं आणि पुरेसं आहे. त्याने जमीन सुधारते असं मात्र मी कुणाला सांगत नाही. जमीन सुधारते ती करवत, कात्री, बियाणं आणि नियंत्रित आग घेऊन तिथे राबल्याने.

आमच्या भागातला खरा शत्रू चायनीज प्रिव्हेट नावाचं बाहेरून आलेलं झुडूप. घाणेरीने आपल्याकडची डोंगरउतारं व्यापली तसं हे ओढ्याकाठचं सगळं गिळतं. हिवाळ्यातही हिरवं, पक्षी फळं खाऊन बी पसरवतात, खाली एक रोप तगत नाही. दुसरं जपानी स्टिल्टग्रास. हे हालवलेल्या मातीचं लोभी आहे. आणि कबर म्हणजे काय? हालवलेली मातीच की. दफनाने जमीन बरी होते म्हणतात, पण प्रत्येक दफन ही आधी एक जखम असते. ती कशी भरते हे खणताना ठरतं.

आम्ही खणतो ते असं. आधी वरचा झाडोरा मुळांसकट तुकड्यातुकड्यांनी कापून सावलीत ठेवायचा, ओलं गोणपाट टाकून. मग वरची काळसर माती, वीतभरसुद्धा नसते, ती एका ताडपत्रीवर. त्याखालची लाल चिकणमाती दुसऱ्या ताडपत्रीवर. या दोन ताडपत्र्या एकमेकींत मिसळल्या तर मी खरंच ओरडते. खड्डा साडेतीन फुटांच्या आसपास. सहा फूट नाही, कारण तिथे हवा नाही, जीवजंतू नाहीत, कुजणं रखडतं. देहावर किमान दीड-दोन फूट माती बसली की वास वर येत नाही आणि जनावरं उकरत नाहीत. लोक हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात, म्हणून सांगते: एवढ्या वर्षांत एकदाही उकरलेलं पाहिलं नाही. बुजवताना आधी लाल, वर काळी, त्यावर झाडोरा. निघालेली माती सगळी परत घालायची, गुडघाभर उंचवटा होतो. तो वर्ष-सव्वा वर्षात बसतो. नातेवाईकांना हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर दोन महिन्यांनी येतात आणि उंचवटा पाहून त्यांना वाटतं काम अर्धवट सोडलंय.

आमची एक चूकही सांगते. सुरुवातीच्या वर्षांत माती धुपू नये म्हणून आम्ही बाहेरून वाळल्या गवताचे भारे आणून उंचवट्यांवर पसरायचो. दिसायला झकास. पुढच्या जूनमध्ये नेमक्या त्याच कबरींवर, आयताकृती आखल्यासारखं, स्टिल्टग्रास उगवलं. ते बी धरायच्या आत उपटत आम्ही चार उन्हाळे काढले, कारण त्याचं बी मातीत काही वर्षं जिवंत राहतं. आता आमच्याच जमिनीवरच्या पाइनच्या सुया आणि पालापाचोळा, दुसरं काही नाही.

मोठ्या झाडाचंही तसंच. प्रत्येकाला जुन्या ओकखाली जागा हवी असते. एक गृहस्थ दर महिन्याला येऊन एका पांढऱ्या ओकला टेकून बसायचे आणि ‘इथेच’ म्हणायचे. त्या खोडाच्या दहा-बारा फुटांत खड्डा घेतला तर झाडाची जाड मुळं तुटतात, आणि ओक लगेच मरत नाही, आठ-दहा वर्षांत शेंड्यापासून वाळतो. ते रागावले. शेवटी फांद्यांच्या सावलीच्या बाहेर, जिथून तो ओक पूर्ण दिसतो, अशी जागा घेतली. तिथे आता ओकचंच आपोआप रुजलेलं रोप आलंय, खारीने पुरलेलं असणार.

आणि कापड. देह सुती किंवा रेशमी कापडात हवा, रसायनं भरलेला नको, एवढाच नियम. पण आपल्याकडच्या कुटुंबांना वाटतं आईची साडी म्हणजे नैसर्गिकच. नसते. एकदा एक मुलगा आईची ठेवणीतली साडी घेऊन आला, ‘सिल्क आहे’ म्हणाला. मी त्याच्यासमोरच पदराच्या आतून एक धागा काढला आणि काडी लावली. रेशीम केसासारखं जळतं, चुरचुरतं, बोटांनी चुरलं की काळी भुकटी. सुती धाग्याची हलकी राख होते. हा धागा वितळून त्याचा कडक मणी झाला. पॉलिएस्टर. मुलगा गाडीत जाऊन पाच मिनिटं बसला आणि एक धुवट सुती नऊवारी घेऊन परत आला. रोज पहाटे पूजेला नेसायची, म्हणाला. ठेवणीतली बायकोकडे दिली.

माणसांचा मुद्दा तो हाच. तो मुलगा आता मार्चमध्ये प्रिव्हेट तोडायला येतो. आमच्या स्वयंसेवकांत निम्म्याहून जास्त कुणाचं ना कुणाचं कुणीतरी तिथे आहे. ईझमेंटच्या कागदाला जमिनीबद्दल काही वाटत नाही, या लोकांना वाटतं. काही वर्षांपूर्वी शेजारच्या रस्त्याच्या रुंदीकरणाची सुनावणी होती, तिला ओढ्यातल्या माशांसाठी चार माणसं आली असती. आमच्याकडून सत्तर गेली, आणि आखणी सरकली. आपल्याकडे देवराईत वाळकी काटकी उचलायची नाही म्हणतात ना, त्यामागचं बळ याच जातीचं. पण देवराईच्या बाबतीतही आपण पाहिलंय, देवळाचा जीर्णोद्धार काँक्रीटमध्ये करायचा ठरला की तेच भक्त झाडं तोडतात. म्हणून माणसांबरोबर कागदही हवा.

आईंबद्दल. त्यांना पटवायला जाऊ नका. आपल्यात पुरत नाहीत हे तसं अर्धसत्यच आहे. संन्याशांना समाधी देतात, तान्ह्या बाळांना पुरतात, आम्हा लिंगायतांत सगळ्यांनाच. पण हा वाद जिंकून तुम्हाला काय मिळणार? त्यांना दहन हवं असेल तर दहन करा आणि रक्षा त्या जमिनीत ठेवा. बहुतेक संवर्धन दफनभूमी हे करू देतात. फक्त एक काळजी घ्या. आता गावाकडेही राख खड्ड्यात टाकून वर आंब्याचं रोप लावायची पद्धत पडलीय. भावना चांगली, पण इथल्या दाहिनीतून येणारी दोन-अडीच किलो पूड अत्यंत अल्कधर्मी असते, सामू ११-१२ च्या घरात, शिवाय क्षार. रोपाची कोवळी मुळं त्यात होरपळतात. चार-पाच पट माती आणि कुजलेला पालापाचोळा मिसळून, पसरट खड्ड्यात द्या, आणि रोप त्याच्या बाजूला लावा.

तुमच्या जागी मी काय करेन? स्वतःची दफनभूमी उघडणार नाही, निदान लगेच तरी नाही. आधी जवळच्या लँड ट्रस्टशी बोलून ईझमेंट होतं का बघेन, त्यात दफनाचं कलम घालून घेईन, आणि कायदा परवानगी देत असेल तर ते कलम फक्त आमच्या कुटुंबापुरतं वापरेन. परक्यांसाठी ती उघडायची की नाही हे दहा वर्षांनी ठरवता येईल. कलम असेल तर दार उघडं राहतं. मधल्या काळात कॉन्यर्सला जाऊन या, तुमच्याच राज्यात आहे. ट्रॅपिस्ट साधूंच्या मठाच्या जमिनीवर २००८ पासून हनी क्रीक वूडलँड्स चालू आहे. दफनविधी पाहायला नको, एखाद्या साध्या मंगळवारी जा आणि तिथल्या देखभाल करणाऱ्याला विचारा, की त्याचा आठवडा कशात जातो.

आणि फेब्रुवारीत तुमच्या जमिनीवर एकदा सावकाश चाला. ओक, हिकरी तेव्हा उघडे असतात. पाइन आणि हॉली सोडून ओढ्याकाठी गुडघ्याच्या वर जे हिरवं दिसेल ते बहुतेक प्रिव्हेट. जाताना रंगीत फितीचं एक रीळ न्या, दर पन्नास पावलांवर थांबून आजूबाजूची खोडं मोजा, मनगटाहून जाड असतील त्यांना फीत बांधा. किती फिती लागल्या ते मला कळवा, मग पहिल्या वर्षाच्या खर्चाचं बोलू.